चावी कुणी दिली

हळदीच्या गाण्यात आपलं नाव आलं नाही, तर खारी गावातला माणूस रुसतो. नुसता रुसत नाही, पुढच्या वर्षी त्याच्या घरी हळद असली की तुम्हाला बोलवायचं विसरतो. आणि जो हळदीला आलाच नाही, पोटासाठी लांब मुलखात अडकून पडलाय, त्याचं नाव तर सगळ्यात आधी घ्यायचं. गाण्यात नाव आलं म्हणजे तो मांडवात येऊन बसला, असं धरतात. तेव्हा आळीतल्या दिपेशच्या हळदीला विमलाबाईंनी आपल्या लेकाचं, निकेतचं नाव घेतलं यात काहीच वावगं नव्हतं. वावगं होतं ते पुढच्या तीन ओळींत.

विमलाबाई म्हणजे निकेतच्या बायकोची, मिनलची सासू. वय अडुसष्ट, तोंडात दात बारा, आणि गळा असा की माईक बंद पडला तर डीजेवाल्यालासुद्धा पत्ता लागत नाही. थापांचं तर विचारूच नका. आपण एकदा एवढं मोठं पापलेट विकलं की गिऱ्हाइकाला ते मीरा रोडला न्यायला दोन रिक्षा लागल्या, आणि दुसऱ्या रिक्षावाल्यानं नुसत्या शेपटीचं भाडं घेतलं, हे त्या शपथेवर सांगायच्या. गाव हसायचं आणि अजून सांगा म्हणायचं.

त्या संध्याकाळी मांडवात दिवे लागत होते. बाया गोल करून बसल्या होत्या. मिनल हळदीचं ताट धरून नवऱ्यामुलाशेजारी उभी होती. विमलाबाईंनी आवाज लावला.

निकेत आमचा गो गेला वालूच्या देशी,
सायबीण बसली गो स्टेरिंगापाशी,
राजानं न्हाय दिली गो, तिनं घेतली चावी,
शुक्रवारी दुपारी ती गाडी पलवी.

बायांनी शेवटची ओळ उचलली आणि टाळ्यांवर दोनदा म्हटली. हसण्याचा नुसता कल्लोळ. मिनलच्या हातातलं ताट तिरपं झालं, हळद दिपेशच्या गुडघ्यावर सांडली, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिला समोर फक्त मोबाईलवाला पुतण्या प्रीतम दिसत होता. एका हातात उंच धरलेला मोबाईल, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंगची लाल टिकली.

आता हे सगळं काय होतं, ते सांगायला पाहिजे.

निकेत पाच वर्षं तिकडे ड्रायव्हर होता. देशाचं नाव घरात कुणी घेत नसे. विमलाबाई वाळूचा देश म्हणायच्या, मिनल नुसतं 'तिकडे' म्हणायची. तिकडे एक राजा. तो म्हणेल तो कायदा. बाईनं एकटीनं घराबाहेर पडायचं नाही, घरच्या पुरुषाच्या सहीशिवाय नोकरी नाही, प्रवास नाही, आणि गाडी चालवायची तर अजिबातच नाही. बाया शिकलेल्या, डॉक्टर झालेल्या, पण दवाखान्यात जायला मागच्या सीटवर बसायच्या. म्हणून तर घराघरात आपल्याकडचे ड्रायव्हर. निकेतचा साहेब सरकारी खात्यातला बडा माणूस होता, आणि त्याची बायको, जिला निकेत मॅडम म्हणायचा, ती कॉलेजात गणित शिकवायची.

चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी, सगळं गाव नमाजाला गेलेलं असताना, मॅडमनं खजुराच्या बागांच्या पलीकडे गाडी थांबवायला सांगितली. थांबवली. मॅडम खाली उतरली आणि निकेतच्या दाराशी येऊन उभी राहिली. चावीसाठी हात पुढे केला. निकेतला कळलं. नाही म्हणावं तर मॅडम साहेबाकडे काहीही सांगू शकते. हो म्हणावं आणि कुणी बघितलं, तर मॅडमला साहेब सोडवेल, याला कोण सोडवणार? तो उतरला. तेव्हापासून दर शुक्रवारी.

हे त्यानं मिनलला इमो ॲपच्या कॉलवर सांगितलं, गाडीत बसून, काचा वर करून. एकट्याच्या छातीत मावेना म्हणून. कुणाला बोलू नकोस, असं तीन वेळा म्हणाला. मिनल दोन महिने कुणाला बोलली नाही. मग एके सकाळी सासूबरोबर कोलंबी सोलत बसलेली असताना सासू म्हणाली, गो, तू टाकतंस फेकायची सालं भांड्यात आनि कोलंबी कचऱ्यात, काय झालंय तुला? आणि मिनलच्या तोंडून सगळं बाहेर आलं. विमलाबाईंनी गळ्याला हात लावून वचन दिलं की हे माझ्या पोटात राहील. राहिलं. सहा दिवस राहिलं.

हळदीहून घरी येताना मिनल चिडून बोलली तेव्हा त्या म्हणाल्या, अगं, गाव आपलाच हाय. आथं ऐकलं ते आथंच ऱ्हाईल. लेकाचं नाव घ्यायचं तर काय घेऊ, तो भात खातो, झोपतो? चांगली गंमत होती ती घेतली.

सकाळी मिनल स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला गेली, तर शेजारच्या टेबलावरची बाई आपल्या मोबाईलवर तेच गाणं ऐकत होती. ही बाई नवघरची. खारीतलं कुणी तिच्या ओळखीचं नाही. मिनलनं तिच्या हातातून मोबाईल घेतला. व्हिडिओच्या वर लिहिलं होतं, 'खारीची हळद, निकेत भाऊच्या मॅडमने राजाची चावी चोरली'. खाली लोकांनी लिहिलेलं. त्यात एक हिंदीत होतं, 'अरे ये तो अपने वाला निकेत है, सफेद गाडीवाला.' त्याखाली तिथल्या लिपीत कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. उजवीकडून डावीकडे. ते तिला वाचता येत नव्हतं, आणि तीच ओळ ती परत परत बघत राहिली.

ती ॲप्रन न काढता तशीच निघाली. प्रीतमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान जेसल पार्कला होतं. नात्यानं चुलत पुतण्या. हळदी-साखरपुड्यांचे व्हिडिओ टाकून त्याचं चॅनल चालायचं. तिला बघून तो खूश झाला. म्हणाला, "काकी, आजीनं आग लावली, एका रात्रीत चाळीस हजार जणांनी बघितलं."

"काढ ते," मिनल म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ."

तिचा चेहरा बघून त्यानं लगेच मोबाईल उचलला. काढलं. मग हळू आवाजात म्हणाला, "चॅनलवरनं गेलं. पण ग्रुपवर फिरतंय ते मी नाय काढू शकत. गल्फवाल्या पोरांच्या ग्रुपवर तर कालच गेलंय. काकी, झालंय काय? गाणं तर आहे."

मिनलनं दुकानाच्या पायरीवर बसून निकेतला फोन लावला. वाजला नाही. इमोवर त्याच्या फोटोशेजारी हिरवा ठिपका असायचा, तो नव्हता. ती पायरीवरून उठली आणि चार पावलं गेल्यावर परत लावला. परत काही नाही.

निकेत रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. त्या दिवशी नाही आला. दुसऱ्या दिवशी नाही. मिनल मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवून स्वयंपाक करायची, आणि तो वाजला नाही तरी तिला तो थरथरल्यासारखा वाटायचा. गॅसवाला आला, कुरिअरवाला आला, कुणीही बेल दाबली की ती आधी दाराच्या फटीतून बघायची. तिकडून कुणी येऊन बेल दाबणार आहे थोडंच? पण भीतीला नकाशा कुठे वाचता येतो.

विमलाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, नेटवर्क नसेल. दुसऱ्या दिवशी ताटातला भात तसाच ठेवून उठल्या. त्या घरात इतकी शांतता मिनलनं लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत तो देश आला. मिनल भाजी निवडत होती. बातमी देणारी मुलगी हसून सांगत होती की तिकडच्या राजानं ऐतिहासिक निर्णय घेतलाय, तीन महिन्यांनी तिकडच्या बायांना गाडी चालवायचा परवाना मिळणार. मिनलच्या हातातली मेथी गळून पडली. सुटलो, असं तिला वाटलं. जे चोरून चाललं होतं ते आता उघड होणार. मग त्याच मुलीनं, तसंच हसत, पुढचं वाक्य वाचलं. याच मागणीसाठी आवाज उठवणाऱ्या काही बायांना आणि त्यांना मदत करणाऱ्या काही पुरुषांना काल अटक झाली.

मिनलनं सासूकडे बघितलं. सासू टीव्हीकडे बघत होती.

"देतोय तर मग पकडतोय कशाला?" विमलाबाई म्हणाल्या.

हे विचारायचं तर खारीबाहेर जायला हवं होतं. मीरा रोडच्या पूनम सागरला हरिश्चंद्र सावंत राहायचे, मूळचे रत्नागिरीचे. निकेतला तिकडे त्यांनीच लावलं होतं. बावीस वर्षं तिकडच्या एका मोठ्या सरकारी कचेरीत त्यांनी चहा दिला. चहा देणाऱ्याला भाषा येत नाही असं सगळे साहेब धरून चालतात, आणि सावंतांना चौथ्या वर्षापासून सगळी भाषा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सासूसुना रिक्षा करून त्यांच्याकडे गेल्या.

सावंतांनी व्हिडिओ आधीच बघितला होता. त्यांनी आधी उठून बाल्कनीचं दार लावलं, मग बसले. दोघींना धीर द्यायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. म्हणाले, राजाला बायांची दया आली असं समजू नका. तेलाचा पैसा पूर्वीसारखा राहिला नाही. पूर्वी एक माणूस कमवायचा आणि दहा माणसं बसून खायची, वर ड्रायव्हर, वर मोलकरीण. आता त्याला बायांनी कामाला जायला पाहिजे, म्हणजे त्यांना पोचवायला ठेवलेल्या माणसाचा पगार वाचेल. अर्धा देश वीस-पंचविशीतला, प्रत्येकाच्या हातात फोन. सगळ्या जगात काय चाललंय ते त्यांना दिसतं. त्यांनी रस्त्यावर यायच्या आधी त्यांना काहीतरी हातात द्यायचं. परत बाहेरचे व्यापारी यायला हवेत, तर बाहेर नाव चांगलं व्हायला हवं. आणि जुनी कर्मठ मंडळी, जी राजालासुद्धा डोळे वटारायची, त्यांची नखं कापायला हे निमित्त बरं.

"म्हणजे द्यायचं हे त्याचं ठरलंच होतं," मिनल म्हणाली. "मग मागणाऱ्यांना कशाला धरलं?"

सावंतांनी बाल्कनीच्या दाराची कडी एकदा तपासली. मग म्हणाले, "वहिनी, मागितलं म्हणून मिळालं असं एकदा लोकांना कळलं, की ते उद्या दुसरं मागतील. राजाला द्यायचंय. पण त्याच्या हातातनं पडलं पाहिजे, कुणी ओढून घेतलं असं दिसता कामा नये. आजींचं गाणं मी चार वेळा ऐकलं. त्यात गाडीची ओळ एवढी वाईट नाही. 'राजानं नाय दिली, तिनं घेतली', ती ओळ वाईट आहे."

विमलाबाईंनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

सावंत म्हणाले, तिकडच्या आपल्या पोरांना मी विचारतो, पण फोनवर नाव घेऊ नका, काही लिहू नका. आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत. एरवी यायचे.

परत येताना विमलाबाई रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. गोल्डन नेस्टचा सिग्नल लागला तेव्हा एकदम बोलायला लागल्या. मिनलला वाटलं थाप असेल, पण त्यांचा आवाज थापेचा नव्हता. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूनं त्यांना नऊ वर्षं बाजारात बसू दिलं नाही. मासळी सासू विकणार, पैसा सासूच्या कमरेला, सुनेनं घरी जाळी शिवायची आणि उंबऱ्याबाहेर डोकं काढायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, मी येऊ का बाजारात. त्याचं उत्तर म्हणून आठ दिवस त्यांच्याशी घरात कुणी बोललं नाही, आणि ताट शेवटी आणि अर्धं. मग एका पावसाळ्यात सासूचे गुडघे गेले. पाटी डोक्यावर घेऊन उठता येईना. तेव्हा एका सकाळी सासूनं स्वतःच्या हातानं पाटी सुनेच्या डोक्यावर ठेवली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, माझ्या सुनेवर माझी केवढी माया, बघा, मी हिला बाजार दिला.

"मी काय बोलली असन तवा?" विमलाबाईंनी विचारलं.

"भांडला असाल," मिनल म्हणाली.

"पाया पडली," त्या म्हणाल्या. "सगल्या आलीसमोर पडली. म्हनून बाजार माज्याकडं ऱ्हायला."

घरी आल्यावर विमलाबाईंनी तोंडावर पाणी मारलं, नवी साडी नेसली, नथ घातली आणि मिनलला सांगितलं, त्या मोबाईलवाल्याला बोलव.

मिनलला वाटलं, सासूचं डोकं फिरलं. एका व्हिडिओनं ही वेळ आणली, आणि ही परत गायला निघाली. तिनं दारात आडवं उभं राहून सांगितलं की सावंतांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय, तुम्ही आता एक अक्षर बोलायचं नाही. विमलाबाई ओट्यावर बसल्या. शांतपणे म्हणाल्या, जे खरं बाहेर पडलंय ते आत ओढता येणार नाही. पण त्याच्यावर एवढ्या थापा टाकायच्या की खरं कुठलं ते कुणाला सापडता कामा नये. बांगड्यांच्या ढिगात एक बोंबील टाकला तर दिसतो. बोंबलांच्या ढिगात टाकला तर? मी थापाडी हाय हे खारीत सगल्यांना म्हाईत हाय, आता तिकडंबी कलू दे.

मिनलला ते पटलं की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही. शांत बसावं तर निकेत आतमध्ये असेल, आणि बोलावं तर आपणच त्याला आत ढकलू. दोन्हीकडे तोच. तिनं फोन काढून परत एकदा हिरवा ठिपका बघितला. नव्हता. मग तिनं प्रीतमला बोलावलं. आणि त्याच्यासमोर सासूला सांगितलं, "एक ओळ मी सांगीन ती घालायची. चावी राजानं दिली, असं म्हणायचं."

विमलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओठ आवळले. एवढी वर्षं हळदीत गाताना त्यांनी सरपंचाला सोडलं नव्हतं, नगरसेवकाला सोडलं नव्हतं, स्वतःच्या नवऱ्याला तर नाहीच नाही. कुणाच्या सांगण्यावरून ओळ घालायची त्यांना सवय नव्हती.

"म्हनते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत प्रीतमनं चार व्हिडिओ टाकले. पहिल्यात सायबीण विमान घेऊन आली आणि जेसल पार्कला बोंबील खाऊन गेली. दुसऱ्यात तिनं उंटाला गिअर बसवून घेतला. तिसऱ्यात निकेत म्हणे ड्रायव्हर नाहीच, तो राजाच्या मांजरीला रोज अंघोळ घालायला ठेवलाय. आजूबाजूच्या बाया हसून हसून लोळत होत्या, आणि विमलाबाई डोळे मिचकावत होत्या. फक्त मिनलला, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मिनलला, त्यांच्या मांडीवरची बोटं दिसत होती. साडीचा काठ पिळत होती. चौथ्यात मिनलची ओळ आली.

राजा गो मोठा, त्याची मोठी माया,
त्यानंच दिली चावी, पडा त्याच्या पाया.

व्हिडिओ सुसाट पळाले. लोकांनी लिहिलेलं ती वाचायची. पूर्वी जिथे 'अपने वाला निकेत' होतं, तिथे आता 'आजी खतरनाक फेकते' होतं. पण ती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरंही वाढली होती. सावंतांना ती फोटो काढून पाठवणार होती. मग तिला त्यांचं बाल्कनीचं दार आठवलं आणि तिनं नाही पाठवलं.

आठव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मिनल गाळ्यात होती. तिनं उचलला आणि कानाला घट्ट धरला.

"मी आहे," निकेत म्हणाला. "शनिवारी येतोय. कायमचा. आता काही विचारू नको. आईला सांग गाणी चांगली होती."

फोन बंद. मिनल भांड्यांच्या खोक्यावर बसली. येतोय म्हणाला. पण विमानतळावर जाईपर्यंत काय, आणि विमानतळावर काय? पासपोर्ट साहेबाच्या कपाटात असतो हे तिला माहीत होतं. शनिवारपर्यंतचे तीन दिवस आधीच्या आठ दिवसांपेक्षा लांब गेले. आधी नुसती भीती होती, आता तिच्यात आशा मिसळली होती, आणि त्यानं ती अजून वाईट झाली.

शनिवारी दुपारी निकेत दारात उभा राहिला. एक बॅग. पाच वर्षांची एक बॅग. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. विमलाबाईंनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि लगेच आळीत निघाल्या. आपल्या गाण्यानं राजाला घाम कसा फुटला, आणि त्यानं स्वतःच्या विमानात बसवून पोराला कसं परत धाडलं, हे सांगायला. निकेतनं त्यांना अडवलं नाही. घरात आला, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर मिनलचा मोबाईल मागून घेतला आणि आपली सगळी जुनी बोलणी पुसून टाकली. मग जेवला.

जेवताना थोडं थोडं बोलला. साहेबाच्या मोठ्या भावानं पहिला व्हिडिओ आणून साहेबापुढे ठेवला. साहेबानं निकेतला दिवाणखान्यात बोलावलं. मॅडम तिथेच बसली होती, खाली बघत. फोन काढून घेतला, मोटारखान्याच्या वरच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. सहा दिवसांनी परत बोलावलं. आता साहेबाकडे पाचही व्हिडिओ होते. म्हणाला, हे गाणं काय म्हणतंय, एकेक ओळ सांग. म्हणजे आपल्या आईनं गायलेलं त्यानंच, मॅडमसमोर, त्यांच्या भाषेत सांगायचं.

"मग?" मिनलनं विचारलं.

"विमानाचं सांगितलं. उंटाचं सांगितलं. साहेब हसला. मग पहिल्याचं सांग म्हणाला. मी म्हटलं, हेही तसलंच आहे, आई थापा मारते. तो म्हणाला, तरी सांग."

"सांगितलं?"

निकेतनं भात कालवला. खाल्ला नाही. सांगितलं, म्हणाला, पण साहेबाला सगळं आधीच माहीत होतं. गाडीच्या आरशाची जागा दर शुक्रवारी बदललेली असते, हे त्याला दोन महिन्यांपासून दिसत होतं. पण त्याच आठवड्यात साहेबाच्या खात्यात वरून निरोप आला होता. परवाने सुरू होतील त्या दिवशी मोठ्या अधिकाऱ्यांच्या बायका पहिल्या रांगेत पाहिजेत, गाडी चालवताना, फोटो निघणार, जगभर जाणार. आणि ज्याची बायको रांगेत नसेल त्याची चौकशी होईल. साहेबाला चालवणारी बायको पाहिजेच होती, तीही घाईनं. मग साहेब मॅडमकडे बघून एवढंच बोलला, ही आजपर्यंत कधी स्टिअरिंगला शिवलेली नाही. उद्यापासून मी हिला शिकवणार. आणि निकेतकडे वळून म्हणाला, तू तर तेव्हा इथे नव्हतासच.

"म्हणून पाठवलं," निकेत म्हणाला. "मी तिथे राहिलो असतो, तर तिला आधीपासून येतं हे सांगणारा एक साक्षीदार राहिला असता. आईचं गाणं चांगलं होतं, हसायला निमित्त झालं. पण त्यांना गरज नसती ना, तर हसले नसते."

हे आईला सांगायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं.

तीन महिन्यांनी तो दिवस आला. निकेत आता शाळेची बस चालवत होता. चहा पिता पिता टीव्हीवर रांग दिसली. बाया स्टिअरिंगला हात लावून हसतायत, एका बाईच्या शेजारी उंच माणूस, तिच्या खांद्यामागे हात ठेवून. ती दोघं कोण, हे मिनलला सांगावं लागलं नाही. निकेतनं आवाज बंद केला, पण चित्र ठेवलं.

"कशी चालवायची?" मिनलनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

निकेतच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. म्हणाला, पहिल्या दिवशी ब्रेक असा मारला की मी काचेवर आपटलो. तिसऱ्या शुक्रवारी रिव्हर्स माझ्यापेक्षा सरळ घ्यायची. कोन मोजायची म्हणे मनात. मग तो पुढे झुकला आणि आवाज एकदम खाली आणला, इतका की मिनलला कान जवळ न्यावा लागला. मागच्या सीटवर अजून एक बाई असायची, म्हणाला, मॅडमची मैत्रीण, त्याच कॉलेजातली. हे तुला सांगितलं नव्हतं. दोघी आळीपाळीनं शिकल्या. ती मॅडमपेक्षा चांगली चालवायची. पण ती गप्प बसणारी नव्हती. तिनं फोनवर लिहिलं होतं, आम्हाला चालवू द्या, नाव घालून. ती या रांगेत नाही. मी निघेपर्यंत ती कुठे आहे हे मॅडमलासुद्धा कळलं नव्हतं.

टीव्हीवर बाया आवाजाशिवाय हसत होत्या.

"अहो, एवढं हळू का बोलताय?" मिनल म्हणाली. "हे आपलं घर आहे. इथे कोण ऐकतंय?"

निकेतनं खिडकीकडे बघितलं. बाहेर आळीत कुणीतरी चपला घासत चालत गेलं. मिनल उठली, आणि खिडकी लावून घेतली.